दांतांची कीड : कुळाचें देणें कीं घराची चाल ?

“आमच्या घराण्यांत दांत टिकतच नाहींत. आजोबांचे चाळिशींत गेले, वडिलांचे पन्नाशीच्या आंत गेले. मग मुलांचे कोठून राहणार?” अशा अर्थाचें बोलणें चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतही वारंवार कानीं पडतें. बोलणाराच्या स्वरांत तक्रारीपेक्षां शरणागतीच अधिक असते. कोणी हा दोष पित्याच्या कुळाकडे लावितो; बहुतेक घरांत तो मातेच्या माहेराकडे लाविला जातो. एकदां तो रक्ताचा दोष ठरला, म्हणजे मग उपाय करण्याचें कारणच उरत नाहीं. मुलाच्या हातांतील गोळी काढून घेण्याचे श्रम कोणी घेत नाहीं, रात्रीं दांत घासण्याचा आग्रह कोणी धरीत नाहीं, आणि दाढ ठणकूं लागली म्हणजे सर्वजण मिळून कपाळाला हात लावितात.

या समजुतींत खरें किती आणि खोटें किती, याचा निवाडा होण्यास मनुष्यजातीला कित्येक शतकें लागलीं. तो निवाडा कसा होत गेला याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यांत किड्याच्या शोधांत निघालेले वैद्य आहेत, साखरेचें साम्राज्य आहे, पिंजऱ्यांतील उंदीर आहेत, आणि ज्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं अशीं कांहीं अभागी माणसेंही आहेत.

दांतांत किडा असतो ही कल्पना फार जुनी आहे. बाबिलोनियांतील एका मृत्तिकापट्टावर कीलकलिपींत लिहिलेला दाढदुखीचा मंत्र ब्रिटिश म्यूझियममध्यें जतन करून ठेविलेला आहे. सृष्टि उत्पन्न झाल्यावर किडा रडत देवापुढें गेला, देवानें देऊं केलेलें अंजीर त्याला रुचलें नाहीं, आणि त्यानें दांत व हिरडी यांच्या मध्यें राहावयास जागा मागून घेतली, अशी कथा त्यांत आहे. भारतांतील सुश्रुतसंहितेंतही दांतांच्या रोगांमध्यें ‘कृमिदंतक’ हा रोग सांगितला असून, दांत काळा पडणें, त्याला छिद्र पडणें, तो हलणें व ठणकणें, हीं लक्षणें जशीच्या तशीं दिलेलीं आहेत. वाग्भटानें तर दांताचें छिद्र गुळानें किंवा मेणानें भरून तें डागावें असा उपचार सांगितला आहे. ज्या पदार्थानें दांत किडावा त्यानेंच तो भरावा, हा योग आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. पण कारणच ठाऊक नसतां वैद्यानें याहून वेगळें काय करावें?

मराठी भाषेनें ही कल्पना आजतागायत जपून ठेविली आहे. दांत कुजतो असें आपण म्हणत नाहीं. त्याला ‘कीड लागते’ असें म्हणतों. महाराष्ट्रांतील खेड्यांतून दुखऱ्या दाढेला रिंगणीच्या बियांची धुरी देण्याची चाल पुष्कळ दिवस होती. युरोपांतही खुरासानी ओव्याच्या जातीच्या एका वनस्पतीचें बीं निखाऱ्यावर टाकून तोंडांत धूर घेत, आणि मग पाण्यांत पडलेल्या बारीक पांढऱ्या वळ्या दाखवून ‘हे पाहा किडे’ असें सांगत. त्या वळ्या किड्यांच्या नसून उष्णतेनें फुटलेल्या बियांतील अंकुरांच्या होत्या, हें पुढें उघड झालें.

या किड्याला पहिला धक्का बसला तो सूक्ष्मदर्शक यंत्राच्या योगानें. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें १६८३ सालीं स्वतःच्या दांतांवरचा पांढरा मळ आपल्या हातीं घासलेल्या भिंगाखालीं पाहिला, तेव्हां त्यांत असंख्य चिमुकले जीव वळवळतांना त्याला दिसले. त्यानें ही हकीगत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानें कळविली. तोंडांत जिवंत सृष्टि आहे हें प्रथमच दिसलें, परंतु तिचा किडण्याशीं संबंध जोडावयाचें काम राहून गेलें. पुढें १७२८ सालीं पियेर फोशार या फ्रेंच शल्यवैद्यानें दंतवैद्यकावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. किडक्या दांतांत किडा कसा असतो हें पाहण्यासाठीं त्यानें सूक्ष्मदर्शक लावून शोध केला. पण एकही किडा सांपडला नाहीं. किडा गेला; परंतु फोशारनें दुसऱ्या एका आरोपीचें नांव पुढें केलें. तो आरोपी म्हणजे साखर.

साखरेचा इतिहास येथें थोडासा सांगितला पाहिजे, कारण तिचें माहेर भारतच आहे. अलेक्झांडरच्या स्वारींतील नेआर्खस या सेनानीनें मधमाशांवांचून मध देणाऱ्या भारतांतील वेताचा उल्लेख केलेला आहे. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्द फारसी, अरबी व लॅटिन या भाषांतून फिरत इंग्रजांच्या मुखीं ‘शुगर’ झाला, आणि आपला ‘खंड’ तिकडे ‘कँडी’ होऊन बसला. युरोपांत ही वस्तु प्रथम औषधासारखी तोळ्यामाशानें विकली जाई, व ती राजेरजवाड्यांनाच परवडे. म्हणूनच १५९८ सालीं इंग्लंडांत गेलेल्या हेंट्झनर नांवाच्या जर्मन प्रवाशाला राणी एलिझाबेथचे दांत काळे दिसले, आणि साखरेच्या अति सेवनामुळें इंग्रजांना हा दोष जडतो असें त्यानें नमूद करून ठेविलें. त्या काळीं दांत किडणें हें श्रीमंतीचें लक्षण होतें. पुढें वेस्ट इंडीज बेटांतील मळ्यांवर गुलामांच्या रक्ताघामानें ऊंस पिकूं लागला, साखर स्वस्त झाली, आणि १८७४ सालीं ब्रिटननें तिच्यावरील जकात साफ काढून टाकली. साखर व मुरंबे मजुराच्याही ताटांत आले, आणि राणीचा रोग रंकाच्या घरीं शिरला. निरनिराळ्या शतकांतील इंग्रजांच्या कवट्या तपासून विद्वानांनीं असेंच दाखवून दिलें आहे कीं, एकोणिसाव्या शतकांत किडीचें प्रमाण व किडण्याची जागा हीं दोन्ही बदललीं. अवघ्या दोन-तीन पिढ्यांत एका संबंध राष्ट्राचें रक्त बदलत नसतें. बदलतें तें स्वयंपाकघर.

साखर दांताला नेमकें करते काय, याचें उत्तर बर्लिन येथें राहणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें दिलें. जंतुशास्त्राचे आचार्य रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत त्यानें हें शास्त्र आत्मसात केलें होतें. मिलरनें काढलेले दांत लाळेंत बुडवून त्यांत कोठें पाव घातला, कोठें मांस घातलें, आणि तीं भांडीं अंगाच्या उष्णतेइतक्या उबेंत ठेविलीं. पाव व लाळ यांच्या संगतींतील दांत झिजून मऊ झाले. मांसाच्या संगतींतील दांतांना कांहीं झालें नाहीं. आणि लाळ आधीं उकळून घेतली असतां पावानेंही दांताला अपाय झाला नाहीं. १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें निष्कर्ष मांडला तो असा : तोंडांतील जंतु पिष्ट व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात, आणि तें आम्ल दांतावरचें कठीण कवच विरघळवितें. दांतावरचें हें कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, तें मनुष्यशरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य होय. परंतु आंबट द्रव्यापुढें त्याचा टिकाव लागत नाहीं. १९२४ सालीं लंडनच्या किलियन क्लार्क यांनीं किडक्या दांतांतून एक विशिष्ट जंतु वेगळा काढला व त्याला ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हें नांव दिलें. आज या उद्योगांत दुसरेही कित्येक जंतु भागीदार असल्याचें ठाऊक झालें आहे.

इतकें समजल्यावर वाद मिटावयास हवा होता. पण तो मिटला नाहीं. साखर सर्वच खातात, जंतु सर्वांच्याच तोंडांत असतात. मग एका पंक्तीला जेवणाऱ्या दोन भावंडांपैकीं एकाचे दांत शाबूत कां, आणि दुसऱ्याचे किडके कां? १९०० सालीं मेंडेलच्या नियमांचा पुनः शोध लागल्यापासून आनुवंशिकतेचा बोलबाला झाला होता. तेव्हां दांतांच्या किडीचेंही मूळ बीजांतच असलें पाहिजे, या विचाराला जोर आला.

अमेरिकेंतील मिशिगन स्टेट कॉलेजांत हंट व हॉपर्ट या दोघां अध्यापकांनीं ही गोष्ट उंदरांवर पडताळून पाहिली. सर्वांना एकच अन्न देऊन, ज्यांचे दांत लवकर किडले त्यांचा एक वंश व ज्यांचे उशिरा किडले त्यांचा दुसरा वंश, असे दोन वंश त्यांनीं निवडून वाढविले. १९४४ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वंशाचे दांत कांहीं आठवड्यांत किडूं लागत. दुसऱ्या वंशाचे कित्येक महिने धडधाकट राहत. कीड वंशपरंपरेनें येते या मताला याहून बळकट पुरावा तो कोणता असावयाचा ?

परंतु पुढें या कथेला निराळेंच वळण लागलें. १९५४ सालीं ऑर्लंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जन्मापासून निर्जंतुक पेटींत वाढविलेल्या उंदरांना भरपूर साखरेचें अन्न खाऊं घातलें. त्यांपैकीं एकाचाही दांत किडला नाहीं. जंतु नाहींत तर कीडही नाहीं, हें यावरून निर्विवाद ठरलें. त्यानंतर १९६० सालीं अमेरिकन सरकारच्या दंतसंशोधन संस्थेंतील पॉल कीज यांनीं हॅमस्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळच्या कांहीं हॅमस्टरांचे दांत साखरेच्या अन्नानें हटकून किडत; दुसऱ्या कांहींचे त्याच अन्नावर शाबूत राहत. पिढ्यान् पिढ्या असाच अनुभव आलेला पाहून हा वंशाचाच गुण, असें कोणीही म्हटलें असतें. कीज यांनीं शाबूत दांतांच्या प्राण्यांना किडक्या दांतांच्या प्राण्यांसमवेत एकाच पिंजऱ्यांत ठेविलें. थोड्याच काळांत त्या ‘मजबूत वंशा’चेही दांत किडूं लागले ! उलट किडक्या वंशाच्या माद्यांना जंतुनाशक औषध दिलें, तेव्हां त्यांच्या पिलांचे दांत चांगले राहिले. आईपासून पिलाकडे जात होतें तें वंशाचें बीज नव्हे. आईच्या तोंडांतले जंतु जात होते. जी गोष्ट रक्ताची म्हणून समजली गेली असती, ती सहवासाची निघाली.

याचा अर्थ हंट आणि हॉपर्ट यांचे उंदीर खोटे ठरले असा मात्र नाहीं. आनुवंशिकता आहेच. परंतु ‘पिढ्यान् पिढ्या चालत आलें’ एवढ्यावरून ‘रक्तांतून आलें’ असें ठरत नाहीं, हा धडा त्या हॅमस्टरांनीं शिकविला. एका घरांतील माणसें जशीं एका रक्ताचीं असतात, तशींच तीं एका पाटावर जेवणारींही असतात. पित्याकडून पुत्राला नाक-डोळे मिळतात, त्याचप्रमाणें दर दोन तासांनीं चहा पिण्याची संवयही मिळते. आणि आईच्या उष्ट्या चमच्यानें भरविलेल्या घांसाबरोबर तिच्या तोंडांतील जंतुही मिळतात. हें सर्व ‘घराण्याचा दोष’ या एकाच नांवाखालीं जमा होतें.

माणसांच्या बाबतींत रक्त आणि चाल हीं वेगळीं करून पाहण्याची संधि क्वचितच येते. अशी एक संधि ऑस्ट्रेलियांत मिळाली. न्यू साउथ वेल्समधील बाउरल गांवीं १९४२ सालीं हॉपवुड हाउस या नांवाचें एक बालकाश्रम स्थापन झालें. तेथें निरनिराळ्या आईबापांचीं मुलें तान्हेपणापासून वाढविलीं जात. दूध, भाज्या, फळें, कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव असा त्यांचा आहार असे. साखर व मैदा जवळजवळ वर्ज्य असत. दंतवैद्यांनीं वर्षानुवर्षें या मुलांची तपासणी केली. तेराव्या वर्षीं या मुलांपैकीं ५३ टक्के मुलांच्या तोंडांत एकही किडका दांत नव्हता. त्याच प्रांतांतील सरकारी शाळांतून अशा मुलांचें प्रमाण अवघें ०·४ टक्का होतें. विशेष हें कीं, आश्रमांतील मुलांचे दांत घासलेले स्वच्छ असत असेंही नव्हे. पुष्कळांच्या हिरड्या सुजलेल्या असत. पण खरा धडा पुढेंच आहे. मुलें मोठीं होऊन आश्रमाबाहेर पडलीं, इतरांसारखें खाऊं-पिऊं लागलीं, आणि त्यांचे दांतही इतरांसारखेच किडूं लागले. रक्त तेंच होतें, दांतही तेच होते; फक्त ताट बदललें होतें.

दुसरा पुरावा स्वीडनमधून आला, आणि तो सांगतांना मन खिन्न झाल्यावांचून राहत नाहीं. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म नांवाच्या संस्थेंत १९४५ पासून कांहीं वर्षें ४३६ मतिमंद माणसांवर आहाराचे प्रयोग करण्यांत आले. त्यांतील कांहींना मुद्दाम तयार केलेली चिकट टॉफी रोज २४ पर्यंत देण्यांत येई. त्यांची संमति कोणीं घेतली नव्हती, ती देण्याइतकी त्यांची समजही नव्हती. आणि कित्येकांचे दांत या प्रयोगापायीं कायमचे गेले. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून जें ज्ञान मिळालें तें आज जगांतील प्रत्येक दंतवैद्य वापरतो; म्हणून तें कोणाच्या किंमतीवर मिळालें याचें स्मरण ठेवणें हें निदान कर्तव्य आहे. निष्कर्ष असा निघाला कीं, किती साखर खाल्ली यापेक्षां ती दिवसांतून किती वेळां खाल्ली आणि दांतांना किती वेळ चिकटून राहिली, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबर घेतलेल्या गोडानें थोडी कीड झाली. तेंच गोड मधल्या वेळीं चघळलें तेव्हां कीड झपाट्यानें वाढली.

याचें कारण रॉबर्ट स्टीफन या संशोधकानें १९४४ सालीं दाखवून दिलेलें होतें. गोड द्रव तोंडांत जातांच दांतावरील थर कांहीं मिनिटांतच आंबट होतो, आणि पुनः पूर्वस्थितीवर येण्यास त्याला सुमारें अर्धा ते एक तास लागतो. त्या अवधींत दंतवल्कांतील क्षार विरघळतात. नंतर लाळ तेच क्षार पुनः भरून काढते. दांत म्हणजे जणूं जमाखर्चाची वही होय. गोडाची प्रत्येक फेरी खर्चाच्या बाजूस पडते, आणि मधली विश्रांति जमेच्या बाजूस. दिवसांतून आठ वेळां खर्च करणाराचें दिवाळें निघालें तर त्यांत पूर्वजांना बोल लावण्याचें कारण नाहीं.

मग आनुवंशिकतेचा वांटा किती ? त्याचा हिशेब जुळ्या भावंडांवरून करतां आला. मिनेसोटा विद्यापीठांतील संशोधकांनीं १९८८ सालीं, जन्मल्यावर निरनिराळ्या घरीं वाढलेल्या जुळ्यांच्या दांतांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचे दांत, दूर वाढूनही, दोन बीजांपासून झालेल्या जुळ्यांपेक्षां एकमेकांशीं अधिक मिळतेजुळते निघाले. म्हणजे रक्ताचाही हात आहे. माणसामाणसांतील फरकापैकीं कोठें एक-तृतीयांश, तर कोठें दोन-तृतीयांशपर्यंत वांटा अनुवंशाचा, असे निरनिराळ्या अभ्यासांचे अंदाज आहेत. या आंकड्यांचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. ‘अर्धी कीड रक्तांतून येते आणि ती टाळतां येत नाहीं’ असा तो अर्थ नव्हे. सर्वजण सारखेंच गोड खात असतां एकाचे दांत अधिक व दुसऱ्याचे कमी कां किडतात, एवढाच फरक त्यांतून समजतो. साखरच नाहीं अशा घरीं तो फरक उरणार कोठून ?

दंतवल्काची घडण, दाढांवरील खांचांची खोली, लाळेचें प्रमाण व तिचा गुण, इतकेंच नव्हे तर गोड चवीची आवड, या सर्वांत जनुकांचा हात असतो. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत दांतांच्या किडीशीं संबंध असलेलीं ४७ नवीं स्थानें मानवी जनुकसंचांत दाखविण्यांत आलीं. पण त्यांतील एकेकाचा परिणाम अगदीं थोडा आहे. किडीचें असें एकच जनुक नाहीं. दंतवल्क जन्मतःच पातळ किंवा ठिसूळ असण्याचा एक आनुवंशिक विकार आहे खरा, परंतु तो विरळा. त्यास दंतवैद्याचे उपचारच हवेत.

या सर्वांत विलक्षण उदाहरण एका दुसऱ्याच आनुवंशिक दोषाचें आहे. १९५६ सालीं लंडनमधील दोघां डॉक्टरांनीं अशी एक रोगी स्त्री पाहिली कीं, तिला फळांतील व साखरेंतील गोडी पचतच नसे. ती खाल्ल्याबरोबर उलट्या होत. यकृतांतील एका पाचक द्रव्याच्या अभावीं हा दोष येतो, आणि तो मातापिता उभयतांकडून आलेला असावा लागतो. अशा माणसांना गोडाचा उपजतच तिटकारा असतो. त्यांच्या दांतांची तपासणी झाली, तेव्हां त्यांच्यांत कीड अत्यल्प, आणि पुष्कळांत मुळींच नाहीं, असें आढळून आलें. त्यांचे दांत घडणीनें कांहीं वज्राचे नव्हते. रक्तानें त्यांचें रक्षण केलें खरें. पण तें साखर दूर ठेवूनच केलें. जें त्यांना रोगानें मिळालें, तें इतरांना संयमानें मिळविण्यास कोणाची हरकत आहे ?

दांतांवर गांवच्या पाण्याचाही परिणाम होतो, आणि तेथेंही लोक प्रथम चुकलेच. १९०१ सालीं फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेंतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथें गेला, तेव्हां तेथें जन्मलेल्या लोकांच्या दांतांवर तपकिरी डाग त्याला दिसले. डाग पडलेले हे दांत किडत मात्र फार कमी. तीस वर्षांच्या शोधानंतर, १९३१ सालीं, चर्चिल नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाला अशा डागांचें कारण सांपडलें; तें पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड होय. फ्लोराइड थोडें असल्यास दांत कणखर होतात, फार झाल्यास दांत व हाडें बिघडतात. एक लिटर पाण्यांत सुमारें एक मिलिग्रॅम हें प्रमाण ठरवून १९४५ सालीं ग्रँड रॅपिड्ज शहराच्या पाण्यांत तें मिसळण्यांत आलें, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक उतरली. भारतांत मात्र अडचण बहुधा उलट आहे. १९३७ सालीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर भागांत अति फ्लोराइडचा विकार प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रांत चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांतील कित्येक विहिरींच्या पाण्यांत तें अधिक आहे. तेव्हां एका गांवांतील सर्वांचे दांत डागाळलेले दिसले तर कुळाचा विचार करण्यापूर्वीं विहिरीचें पाणी तपासून घ्यावें.

या इतिहासांतून निघणारे नियम थोडे आणि घरगुती आहेत. गोड खावयाचें तें जेवणाबरोबर खावें. सणाच्या दिवशीं पानांत श्रीखंड वाढल्यानें होणारी हानि थोडी. दिवसभर खिशांतून निघणाऱ्या गोळ्या, चिक्की, आणि चहाच्या प्रत्येक कपाबरोबरचें बिस्किट यांनीं होणारी हानि मोठी. दिवसाची एकंदर वरून घातलेली साखर, गूळ व मध धरून, मोठ्या माणसानें ५० ग्रॅमच्या आंत ठेवावी, आणि साधेल तर २५ ग्रॅम, म्हणजे सुमारें सहा चहाचे चमचे, यांवर यावें, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस आहे. तान्ह्या मुलाच्या तोंडांत गोड दुधाची बाटली देऊन त्याला निजवूं नये. झोपेंत लाळ आटते, आणि तें दूध रात्रभर दांतांभोंवतीं साचून राहतें.

दांत दोन वेळां घासावे, आणि त्यांतील रात्रीची वेळ कधीं चुकवूं नये. बाभळीची किंवा कडुनिंबाची काडी ही सुश्रुतापासून चालत आलेली चांगली चाल आहे. थर घासून काढण्याचें काम ती करते. परंतु दंतवल्काला बळकटी देण्याचें काम फ्लोराइडयुक्त पेस्टनें होतें. तीन वर्षांच्या आंतील मुलाला ती तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. मुलांनीं ती गिळूं नये, थुंकून टाकावी. नंतर खळखळून चुळा भरून तिचा अंश धुऊन टाकूं नये. जाड राखुंडीनें दांत झिजतात. मिश्री तर तंबाखूच होय. तिनें दांत राहत नाहींत, व्यसन मात्र राहतें आणि तोंडाच्या कर्करोगाचें भय वाढतें.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत लक्षांतच येत नाहीं. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दुधाचा दांत न पडतां, सर्वांच्या मागें एकेक नवी दाढ येते. ती दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतें. वास्तविक ती जन्मभराची असते, आणि तिच्यावर खोल खांचा असल्यामुळें सर्वांत आधीं तीच किडते. अशा खांचा दंतवैद्याकडून वेळींच लिंपून घेतां येतात. तसेंच आईच्या तोंडांतील किडके दांत मूल लहान असतांनाच दुरुस्त करून घ्यावे. हें तिला दोष देण्यासाठीं नव्हे. जिच्या हातून मुलाला प्रत्येक घांस मिळतो, तिचे दांत नीट राहणें हें सर्व घराच्या हिताचें आहे म्हणून.

ज्या घराण्यांत दांत लवकर जातात, त्या घराण्यांतील मुलांचें दंतवल्क कदाचित् खरोखरच नाजूक असेल, लाळही कदाचित् कमी असेल. पण मग त्यांनींच गोडाच्या फेऱ्या अधिक मोजून ठेवावयास नकोत काय ? सहा महिन्यांनीं दंतवैद्याकडे त्यांनींच आधीं जावयास नको काय ? ज्याचें घर नदीकांठीं सखल जागेंत असतें, तो ‘पूर आमच्या नशिबींच आहे’ म्हणून पावसाळ्यांत स्वस्थ निजत नाहीं. इतरांच्या आधीं तोच बांध घालतो. पूर्वजांकडून आलेला नाजूकपणा परत करतां येत नाहीं. परंतु पूर्वजांचीच चहाची वेळ, त्यांचाच गोळ्यांचा डबा आणि तीच रात्रीची उपेक्षा मुलांच्या हवालीं करावी कीं नाहीं, हें प्रत्येक घरच्या वडील माणसांच्या स्वाधीन आहे.